दस्त्यातलं पितळी दार

या बंदुकीच्या दस्त्याला दार आहे. पितळेचं, बिजागरीवर फिरणारं, चारी बाजूंनी कातीव नक्षीच्या पट्ट्यांनी वेढलेलं. कडी नाही, कोयंडा नाही, आणि तरी नखाने उचकटू गेलं तर उघडत नाही. बऱ्याच नमुन्यांत दस्त्याच्या मागच्या पट्टीत किंवा खालच्या कडेला एक बारीकसं बटण दडवलेलं असतं. ते दाबलं की आतली स्प्रिंग सुटते आणि झाकण टपकन वर येतं. आत लाकडात कोरलेला छोटा कप्पा. त्यात नाणी नाहीत, दारू नाही, गोळ्याही नाहीत. तिथे ठेवत ते चरबी लावलेल्या कापडाचे तुकडे.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात घडू लागलेली ही लांब नळीची रायफल. ती पाहताना आधी डोळ्यांत भरते ती लांबी: साधारण पाच फूट, म्हणजे जमिनीवर टेकवली तर बऱ्याच जणांच्या हनुवटीला लागेल. वजन चार किलोच्या आसपास. मधाच्या रंगाचं लाकूड, त्यावर गडद आडवे पट्टे, आणि लाकडात रुतवलेले पितळेचे व चांदीचे तुकडे. तारे, चंद्रकोरी, बदाम, मासे, गरुड. रानाच्या कडेला लाकडी खोपटात राहणाऱ्या, हरणाच्या कातड्याचे कपडे घालणाऱ्या माणसाच्या अवजारावर हे दागिने कसे आले? उत्तराची सुरुवात त्या दाराआडच्या चिंध्यांपासूनच करावी लागते, कारण सगळी रायफल त्यांच्यावर उभी आहे.

ही ठासणीची बंदूक. कोकणातल्या वाचकाला शेतराखणीची परवान्याची बंदूक लगेच आठवेल. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, तिच्यावर शिशाची गोळी सोडायची आणि गजाने ठासायची. त्या काळच्या लष्करी मस्केटची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी मुद्दाम नळीपेक्षा बरीच लहान, म्हणजे लढाईच्या गडबडीत ती घरंगळत आत जावी. बार उडाला की ही सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्याप्रमाणे स्वतःभोवती फिरू लागे. त्या फिरण्याने हवेतली तिची वाट वाके, आणि दर वेळी वेगळ्या दिशेला वाके. शंभर यार्डांपलीकडे एकट्या माणसावर मस्केटचा नेम धरणं म्हणजे नशिबावर हवाला.

गोळी वाकते ती फिरण्यामुळे, हे बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने प्रयोगाने दाखवलं. त्याचं तोफविद्येवरचं पुस्तक १७४२ साली आलं आणि थोर गणिती लिओनार्ड ऑयलरने स्वतः ते जर्मनमध्ये नेलं. रॉबिन्सचा एक प्रयोग मला फार आवडतो. त्याने मस्केटच्या नळीचं टोक डावीकडे वाकवलं आणि समोर अंतराअंतरावर पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी आधी डावीकडे गेली, यात नवल नाही. पण पुढच्या पडद्यांवरची भोकं उजवीकडे सरकत गेली! वाकड्या नळीत गोळी एका भिंतीला घासली, घासल्यामुळे फिरली आणि फिरल्यामुळे उलट बाजूला वळली. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या तटबंदीच्या कामावर मुख्य अभियंता म्हणून मद्रास इलाख्यात आला आणि १७५१ साली इथेच वारला.

गोळीचं फिरणं थांबवता येत नसेल, तर तिला आपल्या मर्जीने फिरवायचं. तिचा आस नेमाच्या रेषेतच राहील असं. वेगाने फिरणारा भोवरा जसा आपली आरी सोडत नाही, तशी मग गोळी आपली वाट सोडत नाही. शिवाय ओतताना गोळीत राहिलेला एका बाजूचा जडपणा प्रत्येक गिरकीत सगळीकडे सारखा वाटला जातो. त्यासाठी नळीत आतून पिळाच्या खाचा पाडायच्या. जर्मन मुलखातले बंदूककार हे रॉबिन्सच्या कितीतरी आधीपासून करत होते. कारणमीमांसा मागाहून आली. पेनसिल्व्हेनियाच्या रायफलीत बहुधा सात खाचा असतात आणि त्या साधारण चार फुटांत एक पूर्ण वेढा घेतात. म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळीची जेमतेम एक गिरकी होते. ऐकायला हे अगदीच बेताचं वाटतं. पण गोळीचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरून हिशेब केला, तर बाहेर पडलेली गोळी सेकंदाला ४०० गिरक्या घेत असते.

आणि गंमत अशी की ही गोळी खाचांना शिवतही नाही. तिला वेढून असतं ते चरबीचं कापड. नळीच्या तोंडावर कापड ठेवायचं, त्यावर नळीपेक्षा किंचित लहान गोळी, आणि दोन्ही एकत्र आत ठासायची. खाचा धरतं ते कापड, कापड फिरवतं गोळीला. चरबीमुळे ठासणं सोपं होतं, दारूची काजळी मऊ पडते आणि मागचा वायू निसटत नाही. तोंडाबाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर कापड गळून पडतं. नेमबाज ते उचलून बघतो: कडेने फाटलं आहे का, मध्ये जळलं आहे का. दारू जास्त झाली की कापड पातळ पडलं, हे त्या चिंधीवरून कळतं. ज्या वस्तूवर नेम अवलंबून, तिच्यासाठी कारागिराने दस्त्यात घर केलं आणि घराला पितळी दार लावलं, यात मला वावगं काही दिसत नाही.

या रायफलीची आई युरोपातली. मध्य युरोपातल्या शिकाऱ्यांची ‘येगर’ रायफल आखूड आणि जाडजूड असे. नळी सुमारे ३० इंच, तोंडाचा व्यास ०.६० इंच किंवा अधिक, आणि दस्त्यातल्या कप्प्याला सरकतं लाकडी झाकण. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून जर्मन आणि स्विस कुटुंबं पेनसिल्व्हेनियात येऊन स्थिरावली. लँकेस्टर, रेडिंग, बेथलेहेम, यॉर्क या परिसरात त्यांच्यातल्या बंदूककारांचे भाते पेटले. पुढच्या काही दशकांत येगर वितळून नवंच काहीतरी तयार झालं. नळी ४२ ते ४६ इंचांपर्यंत वाढली, तोंड ०.५० इंच आणि त्याखाली उतरलं.

तोंड का आकसलं हे हिशेबाने कळतं. ०.६० इंच व्यासाच्या गोळ्या एका किलो शिशात सुमारे ४७ होतात, तर ०.४५ इंचाच्या रायफलीला लागणाऱ्या ११५च्या आसपास. महिनोन्‌महिने रानात राहणाऱ्याला शिसं आणि दारू पाठीवर वाहून न्यावी लागते, तिथे हा फरक पोटापाण्याचा आहे. लांबीचं कोडं मात्र इतकं सरळ सुटत नाही. लांब नळीत दारू पुरती जळते म्हणून लांबी वाढवली, असं सर्रास सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण शेवटच्या काही इंचांनी वेगात पडणारी भर अगदी किरकोळ. नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी यांच्यातलं अंतर वाढलं की नेमातली चूक लवकर दिसते, हे कारण जास्त पटतं. आणि इंग्रज पक्षीशिकाऱ्यांच्या लांब बंदुका तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. लांब ते देखणं, ही आवडही असणारच. अवजाराच्या प्रत्येक इंचामागे उपयोग शोधण्याचा हट्ट धरू नये.

नळी घडायची ती लोखंडाच्या चपट्या पट्टीतून. पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळायची आणि काही इंच, पुन्हा काही इंच असं करत शिवण ठोकून जोडायची. मग आतून भोक साफ करायचं, बाहेरून कानस मारून आठ पैलू पाडायचे. चांगल्या जुन्या नळ्यांचे पैलू सरळसोट नसतात: मागे जाड, मध्ये बारीक, तोंडाशी पुन्हा किंचित रुंद. ही वळणं डोळ्यांना पटकन दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळे एवढी लांब नळी हातात पुढे झुकत नाही. नंतर खाचा. लांब बाकावर एक लाकडी दंडगोल, त्यावर पीळ कोरलेला. तो दात्यांमधून ओढला की ओढता ओढता आपोआप वळतो. त्याच्या टोकाच्या काठीला पोलादाचं इवलंसं पातं. ढकला, ओढा, केसभर लोखंड निघतं. एक खाच झाली की दंडगोल फिरवून दुसरी. पातं बोथट नसूनही काही निघेनासं झालं की त्याच्याखाली कागदाचा कपटा सारायचा. तेवढ्याने ते वर उचललं जातं. अर्ध्या मिलिमीटरहून उथळ खाचांसाठी शेकडो ओढी, आणि मापाचं साधन कागदाचा कपटा!

लाकूड स्थानिक मेपलचं, आणि त्यातही निवडून घेतलेलं पट्टेदार. हे पट्टे रंगाचे नसतात. झाडाचे धागे सरळ वाढण्याऐवजी लाटांसारखे वाढले की फळी कापताना काही ठिकाणी धागा आडवा पडतो, काही ठिकाणी त्याचं तोंड वर येतं. दोन्ही जागांवरून प्रकाश वेगळा परततो. रायफल हातात फिरवली तर गडद पट्टा उजळतो आणि उजळ काळवंडतो. व्हायोलिनच्या पाठीला हेच लाकूड वापरतात. पट्टे उठून दिसावेत म्हणून कारागीर लोखंडाचा कीस विरघळवलेलं नायट्रिक ॲसिड लाकडावर फासत आणि तापलेलं लोखंड जवळ धरत. क्षणात लाकूड तांबूस तपकिरी होई. साध्या लाकडावर खोटे पट्टे उठवलेल्या रायफलीही सापडतात. हौस कोणाला नसते?

आता पितळ आणि चांदी. रायफलीवर धातू कुठे कुठे आहे ते नीट पाहिलं की लक्षात येतं, धातू आधी आला तो लाकूड जिथे हरतं तिथे. दस्त्याचा मागचा भाग जमिनीवर आपटतो, तिथे पितळी टाच. खालचं टोक ढलपी सोडतं, तिथे पट्टी. नळीच्या तोंडाशी लाकूड कागदी पातळ उरतं, तिथे पितळी टोपण. नळी लाकडात अडकवणाऱ्या पाचरी सारख्या काढ-घाल करून भोकं झिजतात, म्हणून त्या भोकांभोवती चांदीच्या लंबगोल चकत्या. हाताच्या मुठीत येणारा भाग सर्वांत कमकुवत. त्याच्या वर अंगठ्याखाली चांदीची पाटी, आणि तीवर कधीकधी मालकाच्या नावाची अक्षरं. एवढं झाल्यावर कारागिराचा हात थांबला नाही. चकतीला पाकळ्या फुटल्या, टोपणावर रेघा आल्या, आणि मग जिथे काहीच कारण नव्हतं तिथे, दस्त्यावर गाल टेकतो त्या उंचवट्यावर, आठ टोकांचा चांदीचा तारा उगवला.

तो बसवण्याचं काम पाहण्यासारखं असतं. चांदीचा पत्रा कापायचा. चांदी बहुतेकदा नाण्यांची, स्पॅनिश डॉलर तेव्हा सगळीकडे चालत. तारा कानशीने घासायचा, कडा आतल्या बाजूला किंचित तिरप्या ठेवायच्या, म्हणजे खाली बसताना तो घट्ट होत जातो. लाकडावर ठेवून टोकदार सुरीने बाह्यरेषा ओढायची आणि पटाशीने आतलं लाकूड काढायचं, पत्र्याच्या जाडीइतकंच. मग ताऱ्याच्या पोटाला दिव्याची काजळी लावून तो खाचेत दाबायचा. जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड अजून उंच आहे, तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. शेवटी बारीक चांदीच्या खिळ्यांनी तो पक्का करून लाकडाच्या सपाटीला घासून आणायचा आणि वर कोरणीने नक्षी काढायची. चांगल्या कामात दोनशे वर्षांनंतरही लाकूड आणि चांदी यांच्यामध्ये नख शिरत नाही.

आकार आले ते घरातून. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन घरांत लग्नाच्या पेट्यांवर, बाप्तिस्म्याच्या रंगीत दाखल्यांवर ट्यूलिप, बदाम, पक्षी, तारे हेच असत. दस्त्यावरच्या उठावाच्या कोरीवकामात युरोपातल्या रोकोको शैलीच्या वेलांट्या आहेत, आणि स्वातंत्र्यानंतर, १७८२च्या राजमुद्रेवरचा गरुड चांदीत उतरू लागला. चंद्रकोर म्हणजे अमुक, मासा म्हणजे तमुक असे गूढ अर्थ लावणारे पुष्कळ आहेत. मला त्यात फारसा दम वाटत नाही. सुबक आकार हेच पुरेसं कारण असू शकतं.

मात्र या आकारांतून दुसरं एक वाचता येतं. बऱ्याच रायफलींवर कारागिराचं नाव नाही. तरी जाणकार पितळी दाराचा माथा पाहून सांगतात, ही लँकेस्टरची. तिथल्या दारांच्या माथ्यावर डेझीचं फूल वारंवार येतं. लीहाय खोऱ्यातल्या दस्त्याच्या वरच्या कडेला एक खास बाक असतो. बेडफर्ड परगण्याच्या रायफली सडपातळ आणि त्यांचा चापाचा यांत्रिक भागही लांबट. दक्षिणेकडे टेनेसीच्या डोंगरात गेलं की पितळ जातं, साधं लोखंड येतं, आणि दाराऐवजी दस्त्यात चरबी भरण्यासाठी नुसतं एक भोक उरतं. शिकाऊ पोरगा उस्तादाचा नमुना उचलतो, मग दुसऱ्या गावी जाऊन त्यात आपला फेरफार करतो. अभ्यासक त्या फेरफारांच्या मागावरून गावोगाव जातात. ज्याला लोक सजावट समजतात ती खरी सही आहे. नावं कोरणारेही होते. जेकब डिकर्ट हा माइन्समध्ये जन्मून पोरवयात अमेरिकेत आलेला लँकेस्टरचा कारागीर. त्याचं नाव नळीच्या वरच्या पैलूवर सापडतं.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाबद्दल थोडक्यात. १४ जून १७७५ रोजी काँटिनेंटल काँग्रेसने निष्णात रायफलधाऱ्यांच्या दहा तुकड्या उभारायला मंजुरी दिली: सहा पेनसिल्व्हेनियाच्या, दोन मेरीलँडच्या, दोन व्हर्जिनियाच्या. दूरवरून अधिकारी टिपणाऱ्या या लोकांची दंतकथा झाली. पण रायफल भरायला मस्केटपेक्षा बराच जास्त वेळ लागे आणि तिला संगीन बसत नसे, म्हणून युद्ध मुख्यतः मस्केटनेच लढलं गेलं. दागिन्यांचा खरा बहर युद्ध संपल्यावरचा, १७८३नंतरच्या तीसेक वर्षांतला. गिऱ्हाईक तेव्हा शेतकरी आणि शिकारी होता, हातात थोडे पैसे होते, आणि गावच्या नेमबाजीच्या शर्यतीत शेजाऱ्याच्या रायफलीशी आपली रायफल ताडून पाहायची होती.

या देखणेपणाची दुसरी बाजू झाकण्यात अर्थ नाही. लीहायच्या बऱ्याच रायफलींवर पितळेत किंवा लाकडात मूळ अमेरिकन माणसाचं चित्र कोरलेलं असतं. त्याच मुलखातली लेनापे लोकांची जमीन १७३७ साली वसाहतीचे मालक असलेल्या पेन घराण्याने एका जुन्या कराराच्या आधारे घेतली. माणूस दीड दिवसात चालेल तेवढी जमीन, असं ठरलं होतं. त्यासाठी पेन घराण्याने वेगाने पळणारे गडी भाड्याने आणले. शेवटपर्यंत टिकलेल्या एडवर्ड मार्शलची म्हणून ओळखली जाणारी रायफल आज अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या रायफलींच्या चर्चेत हटकून येते. लेनापे आणि शॉनी शिकाऱ्यांनीही अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत रायफल आपलीशी केली होती. ती कुणा एका बाजूची कधीच नव्हती.

‘केंटकी रायफल’ हे नाव गाण्यामुळे रूढ झालं. ८ जानेवारी १८१५च्या न्यू ऑर्लिअन्सच्या लढाईनंतर केंटकीच्या शिकाऱ्यांवरचं एक गाणं लोकप्रिय झालं आणि पेनसिल्व्हेनियात घडलेली वस्तू केंटकीच्या नावावर गेली. त्या लढाईत इंग्रजांची जास्त हानी तोफांनी केली, असं इतिहासकार सांगतात.

पुढे उतरण लागली. १८२०नंतर कोरीवकाम ओसरलं आणि चांदी वाढली. काही रायफलींवर इतके तुकडे ठोकलेले दिसतात की खालचं सुंदर लाकूड शोधावं लागतं. मला तरी गालाखालचा एकच तारा पुरतो. तोवर माणसं पश्चिमेच्या गवताळ मुलखात पोचली होती. घोड्यावर पाच फुटांची रायफल अडचणीची, आणि जनावरं मोठी. सेंट लुईसच्या हॉकन बंधूंनी आखूड, जड, मोठ्या तोंडाच्या रायफली बनवल्या. मग कारखाने आले.

हातविद्या परत आली ती विसाव्या शतकात. व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या वसाहतकाळ जागवणाऱ्या संग्रहालयात वॉलेस गस्लरने १९६०च्या दशकात लोखंडाच्या पट्टीपासून चांदीच्या जडावापर्यंत सगळी रायफल जुन्याच हत्यारांनी घडवली; १९६९ साली त्यावर चित्रपट निघाला. त्याच्यामागून शिकलेल्या कारागिरांची आज एक मोठी बिरादरी आहे, आणि त्यांचं काम किती सरस आहे याचा दाखला एका चोरीने दिला. ख्रिश्चन ओएर्टर हा नाझरेथजवळच्या ख्रिश्चन्स स्प्रिंग या मोरावियन वस्तीतला कारागीर. त्याने १७७५ साली सही आणि साल घालून केलेली एक रायफल १९७१मध्ये व्हॅली फोर्जच्या संग्रहालयातून चोरीला गेली. अनेक दशकं तपास लागला नाही. २०१८ साली ती पुन्हा उजेडात आली: एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने कोठारातल्या विक्रीतून ती घेतली होती, आणि नळीवर ओएर्टरचं नाव स्पष्ट असूनही त्याला आधी वाटलं, ही कुणा आधुनिक कारागिराने केलेली नक्कल असणार. त्यानंतर ती फिलाडेल्फियाच्या अमेरिकन क्रांतीच्या संग्रहालयात मांडली गेली. गस्लरच्या पिढीला याहून मोठी दाद कुणी दिली असेल असं मला वाटत नाही.